आठ जीबीत न मावणारा वाडा

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की सगळे आधी एकच विचारतात, कुठलं फास्ट आहे? एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० की ४०६०? आणि उत्तर पण लगेच मिळतं, ४०६० फास्ट आहे, नवीन आहे, वीज कमी खातं, डोळे मिटून घे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही मी ३०६० घेतलं, १२ जीबी मेमरीवालं, आणि माझ्या भाच्याने त्याच सुमारास ८ जीबीचं ४०६० घेतलं, दुकानात दोन्हींच्या किमतीत तेव्हा फारसा फरक नव्हता. तेव्हापासून रविवारी जेवणं झाली की हा विषय निघतोच. बहीण वैतागून आतल्या खोलीत जाऊन पडते, पण आम्हा दोघांनाही यात मनापासून रस आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'फास्ट कुठलं' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, तुझं काम त्या कार्डात मावतं का?

माझं काम काय ते सांगते, कारण त्याशिवाय ही तुलना म्हणजे नुसतेच आकडे. दिवसा मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात थ्रीडी व्ह्यू काढते, ते पोटापाण्याचं. उरलेल्या वेळात पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे पाडले जायच्या आधी त्यांचे फोटो काढून त्यांची थ्रीडी मॉडेल्स बनवते. विश्रामबागवाडा १८०७चा, तो सगळ्यांना माहिती आहे, जपला जातोय. पण सदाशिव, नारायण, कसबा पेठेत गल्लीबोळात जे साधे राहते वाडे होते आणि काही अजून आहेत, दोन चौकी, एक चौकी, मागे विहीर, त्यांच्याकडे कोण बघतंय? दहा वारस, वर्षानुवर्षं जुन्या भाड्यात राहणारे भाडेकरू, गळकं छप्पर, दुरुस्तीला पैसा कुणाकडेच नाही, मग शेवटी बिल्डरशी करार होतो, आणि यात राहणाऱ्या माणसांना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. पावसाळ्यात उशाशी बादली ठेवून झोपणाऱ्यांना वारसा जपा म्हणून सांगायचा मला काय अधिकार. पण वाडा पडायच्या आधी त्याचं नीट माप आणि नीट रूप कुठेतरी उतरवून ठेवावं असं मला फार वाटतं, आणि ते एकट्या माणसाला घरी बसून करता येण्यासारखं झालंय ते या कार्डांमुळे.

पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात. एकाच खांबाचे, भिंतीचे, जिन्याचे शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा, मग सॉफ्टवेअर सगळ्या फोटोंत तोच तो बिंदू शोधतं, कॅमेरा कुठे उभा होता ते काढतं आणि त्यावरून वस्तूचा आकार उभा करतं. यातली बरीच सॉफ्टवेअर्स एनव्हिडियाच्या कुडावर, म्हणजे फक्त त्यांच्याच कार्डांवर चालणाऱ्या व्यवस्थेवर चालतात, मेशरूमसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही बारकाव्याच्या पायरीला कुडाच लागतं. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं आर्क बी५८० आलं, १२ जीबी आणि २४९ डॉलर, ते मला कितीही आवडलं तरी माझ्या उपयोगाचं नव्हतं. एएमडीचंही तेच. म्हणून माझ्यापुढे ही दोनच कार्डं होती.

आता आकडे. ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, ३२९ डॉलरला, पण आपल्याकडे ते त्या भावात मिळणं तेव्हा स्वप्नच होतं, इथेरियम या डिजिटल चलनाच्या मायनिंगने सगळी कार्डं गिळली होती, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद पडलं तेव्हा कुठे बाजार जमिनीवर आला. ४०६० आलं जून २०२३ मध्ये, २९९ डॉलरला. ३०६० मध्ये कुडा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे घटक, ३५८४, ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्यात कोअर कमी आहेत, पण त्यांचा क्लॉक, म्हणजे चालायचा वेग बघा, ३०६०चा बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ आणि ४०६०चा २४६०, त्यामुळे हिशोब नव्याच्याच बाजूने जातो. चिप पण फार वेगळी आहे. जुनी सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर, नवी टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ४एन प्रोसेसवर, आणि जुन्या चिपच्या जेमतेम साठ टक्के जागेत सुमारे १,९०० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेत, जुनीत १,२०० कोटी होते. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर ४०६० हे फार सुंदर काम आहे, हे मी भाच्यासमोर पण कबूल करते.

मग मेमरीकडे येऊ, खरी गंमत तिथे आहे. ३०६०ची मेमरी बस (मेमरी आणि चिपमधला रस्ता) १९२ बिटची, ४०६०ची १२८ बिटची. मेमरीची एकेक चिप ३२ बिट घेते, म्हणजे ३०६०वर सहा चिपा बसतात आणि ४०६०वर चार. चिप मिळते १ जीबीची नाहीतर २ जीबीची. सहा चिपा म्हणजे एकतर ६ जीबी नाहीतर १२, मधलं काही नाही, आणि २०२१ मध्ये ६ जीबीचं नवं कार्ड विकायला काढलं असतं तर लोकांनी तोंडावर नाव ठेवलं असतं, म्हणून १२. चार चिपा म्हणजे ८. म्हणजे आमच्या या सगळ्या वादाचं मूळ त्या बसच्या रुंदीत आहे, कुणी माझ्यासारखीचा विचार करून १२ जीबी दिलेले नाहीत. (३०६०चंच एक ८ जीबीवालं पण निघालं २०२२च्या शेवटी, १२८ बिटचं. नाव तेच असल्यामुळे सेकंड हँड घेताना खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्यावं.)

बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्याने सेकंदाला किती डेटा जातो, ३०६०ची ३६० जीबी, ४०६०ची २७२. इथे भाचा लगेच म्हणतो, "मावशी, कॅश विसरलीस." नाही विसरले. ४०६०मध्ये २४ एमबी एल२ कॅश, म्हणजे चिपच्या आतलीच छोटी झटपट मेमरी, आहे, ३०६०मध्ये ३ एमबी, त्यामुळे मेमरीपर्यंत जावंच लागत नाही अशी वेळ बरेचदा येते आणि १०८०पी गेमिंगमध्ये तर अरुंद बस जाणवतही नाही. तो १०८०पीवरच खेळतो, त्याचा मॉनिटर तेवढाच आहे, आणि तिथे ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे असतं. वर फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्ड स्वतः एक फ्रेम तयार करून घालतं, ते एनव्हिडियाने ३०६०ला दिलंच नाही. डीएलएसएसचं अपस्केलिंग, म्हणजे छोटं चित्र काढून ते मोठं करणं, मात्र दोन्हीत आहे. २०२५च्या जानेवारीत त्याचं नवं मॉडेल आलं ते जुन्या आरटीएक्स कार्डांनाही मिळालं, हे चांगलं केलं त्यांनी.

आणि वीज. ३०६० १७० वॉटपर्यंत जातं, ४०६० ११५. रोज आठ तास रेंडर (मॉडेलवरून चित्र काढायचं काम) चालला तर महिन्याला तेरा युनिटचा फरक पडतो. बिलापेक्षाही मला तो जाणवतो तो गुरुवारी, मेन्टेनन्सला लाईट जाते तेव्हा. यूपीएसवर त्याचं मशीन चांगलं तग धरतं, माझं लगेच कुरकुरायला लागतं. शिवाय माझी खोली वरच्या मजल्यावर, एप्रिलमध्ये दुपारी रेंडर लावला की खोलीत बसवत नाही, मग मी रात्रीच लावते. ४०६०ला मोठा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पण लागत नाही. एव्ही१ एन्कोडिंगची, म्हणजे व्हिडिओ नव्या पद्धतीने दाबून लहान करायची, सोय फक्त ४०६०मध्ये आहे, वाड्यातून फिरवणारा व्हिडिओ बनवताना ती मला हवीशी वाटते.

एवढं सगळं त्याच्या पारड्यात टाकून झाल्यावर माझ्या पारड्यात एकच गोष्ट उरते, चार जीबी. पण ते चार जीबी काय करतात ते बघा.

एका टेक्स्चरचा, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्राचा, हिशोब करू. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं चित्र, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, झाले ६४ एमबी. डिस्कवर तीच फाईल जेपेगमध्ये पाच-सात एमबीची दिसते, त्यामुळे माणूस फसतो, पण रेंडर करताना ती कार्डाच्या मेमरीत उलगडून पूर्ण ६४ एमबीचीच बसते. माझ्या एका वाड्याच्या पुढच्या चौकाला अशी नव्वद टेक्स्चर्स आहेत. ओसरीचे सुरूदार खांब, तुळया, कडीपाट, दगडी जोतं, वरच्या विटा आणि चुन्याचा गिलावा, तुळशीवृंदावन, प्रत्येकाची वेगळी. म्हणजे पावणेसहा जीबी तर नुसती चित्रंच. त्यावर मेश, म्हणजे आकाराचे कोट्यवधी त्रिकोण, आणि प्रकाशाचा किरण कुठल्या त्रिकोणावर आदळतो ते पटकन शोधायला लागणारी रचना, मिळून आणखी तीन जीबी. वर विंडोज आणि मॉनिटरचं आपलं थोडंफार असतंच. नऊच्या पुढे गेलो.

वाढपी कितीही चपळ असू दे, पाट मांडायलाच जागा नसेल तर पंगत बसणार कुठे?

आम्ही एका रविवारी नीट करून बघितलं. भाचा त्याचं कार्ड काढून घेऊन आला, माझ्या कॅबिनेटमध्ये बसवलं, तेच मशीन, तोच ड्रायव्हर, तोच ब्लेंडर हा थ्रीडी प्रोग्रॅम. आधी छोटा सीन लावला, नुसतं माजघर. ३०६०ला जिथे दहा मिनिटं लागत होती तिथे ४०६०ने साडेसात मिनिटांत काम उरकलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मलाही आनंदच झाला, कारण एवढ्याशा चिपने हे करावं हे खरंच कौतुकाचं आहे. मग पूर्ण चौक लावला. ब्लेंडरने कार्डात जागा संपल्यावर काही टेक्स्चर्स रॅममध्ये ढकलली. आता रॅममधून कार्डापर्यंतचा रस्ता म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट, आणि माझा मदरबोर्ड जुना, थर्ड जनरेशनचा. ४०६० त्या स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन वापरतं, म्हणजे सेकंदाला फार तर ८ जीबी. कुठे कार्डाच्या आतले २७२ आणि कुठे हे ८. रेंडर चालू होता पण पुढे सरकत नव्हता, आणि डीनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारा भाग, लागायची वेळ आली तेव्हा मेसेज आला, सिस्टीम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी. ३०६० परत लावलं, तोच सीन, सावकाश, गरम होत, पंख्याचा आवाज करत, पण पूर्ण झाला.

भाचा म्हणाला, "टेक्स्चर अर्धं कर ना, २०४८ला काय दिसतंय वेगळं?" म्हणणं रास्त आहे, बाजू अर्धी केली की मेमरी पाव लागते, ६४चे १६ एमबी होतात, सगळा चौक आरामात मावतो. म्हणून दोन्ही करून शेजारी शेजारी लावले. खांबाच्या माथ्याशी तुळईखाली एक केळफूल कोरलेलं आहे, मुठीएवढं. ४०९६वर त्या केळफुलाच्या एकेका पाकळीची कड दिसते, सुताराच्या पटाशीचा डाव्या बाजूने आलेला घाव दिसतो, त्यावर नंतर कधीतरी कुणीतरी फासलेला हिरवा ऑइलपेंट आणि तो जिथे पोपडा होऊन सुटलाय तिथे आतलं काळपट सागवान दिसतं. २०४८वर केळफूल आहे, हिरवं आहे, पाकळ्या आहेत असं कळतं. पटाशीचा घाव नाही. दोन खांबांवरची केळफुलं वेगवेगळ्या हातांनी कोरलेली आहेत हे मला त्या घावांवरून कळलं होतं, एकाचे घाव डावीकडून आणि दुसऱ्याचे उजवीकडून, म्हणजे बहुतेक दोन सुतार असावेत, त्यातला एक डावखुरा. मला जपायचंय ते हेच. वाड्याच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, पन्नास वर्षं इथे काढली, पण मान वर करून एवढं कधी बघितलंच नाही." त्यांना मी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ एकाच खांबापाशी फिरवायला लावत होत्या.

भाच्याने नंतर टेक्स्चर अर्धं करायचा मुद्दा काढला नाही, पण गेम तर मस्त चालतात ना हा काढला, आणि तो बरोबरच आहे. त्याच्यासाठी ४०६० हेच योग्य कार्ड होतं असं मी आजही म्हणते. फक्त त्याच्याही बाबतीत ८ जीबीची भिंत आली, आणि ती अशा ठिकाणी आली की त्याने विचारही केला नव्हता. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला त्याला भाषेचं एक एआय मॉडेल घरच्या मशीनवर चालवायचं होतं. ८०० कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकलेल्या तेवढ्या आकड्यांचं, मॉडेल एकेक आकडा ४ बिटमध्ये दाबून साधारण ५ जीबीत बसतं, ते चाललं. १,४०० कोटींचं ९ जीबीच्या आसपास जातं, ते नाही मावलं. मग आला माझ्याकडे. इथे आणखी एक गोष्ट झाली ती मला फार आवडली. अशा मॉडेलला प्रत्येक नवा शब्द काढताना जवळपास पूर्ण मॉडेल मेमरीतून एकदा वाचावं लागतं, एवढ्याशा कॅशचा तिथे फारसा उपयोग नाही, बँडविड्थच लागते, त्यामुळे छोटं मॉडेल जे दोन्हीकडे मावत होतं तेही ३०६०वर जरा जास्तच जोरात चाललं. ३६० विरुद्ध २७२. म्हणजे 'फास्ट कुठलं' याचंसुद्धा एकच उत्तर नाही.

माझ्याकडे तर भूक वाढतच चाललीय. २०२३ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी गॉशियन स्प्लॅटिंग म्हणून एक पद्धत काढली, त्यात त्रिकोणांऐवजी अवकाशात लाखो रंगीत धूसर ठिपके ठेवायचे. समईची चमक, काचेच्या हंड्या, तुळशीची पानं, जे फोटोग्रामेट्रीत हमखास फाटतं ते यात फार जिवंत येतं. पण एका ठिपक्याला ५९ आकडे लागतात, जागा, आकार, वळण, पारदर्शकता आणि दिशेप्रमाणे बदलणारा रंग, प्रत्येकी ४ बाइट म्हणजे २३६ बाइट. ठिपके शिकवत असताना प्रत्येक आकड्यासोबत आणखी तीन आकडे सांभाळावे लागतात, म्हणजे चौपट, ९४४ बाइट. तीस लाख ठिपके झाले की २.८ जीबी गेले, आणि फोटो आणि बाकीच्या गोष्टी वेगळ्याच. मूळ प्रोग्रॅमबरोबर त्यांनी २४ जीबीचं कार्ड सुचवलंय. मी १२ मध्ये चौकाचे तुकडे करून करते, आधी ओसरी, मग वृंदावन, मग जिना.

या सगळ्यात मला राग येतो तो एका गोष्टीचा. जीटीएक्स १०७० आलं २०१६ मध्ये, ८ जीबी. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं, जीडीडीआर७ मेमरी, बँडविड्थ ४४८ जीबी, ३८४० कोअर, आणि जागा परत ८ जीबी. नऊ वर्षं. जास्त हवी तर ५०६० टीआय १६ जीबीचं आहे, ते २०२५ मध्ये ४२९ डॉलरला आलं. चिपा काय सोन्याच्या नसतात, आणि मधल्या काळात त्याच रेंजमध्ये १२ देऊन दाखवलेत की. ज्याच्याकडे पैसा कमी त्याने गेमच खेळायचे, त्याच्याकडे दुसरं मोठं काम असणारच नाही, असं यात गृहीत धरल्यासारखं वाटतं. पेठेतला एक वाडा उतरवायला जेवढी जागा लागते तेवढी तरी सगळ्यात साध्या कार्डात असावी, मला ही मागणी अवास्तव वाटत नाही.

कुणी आज माझ्यासारख्या कामासाठी विचारलं तर मी सांगते, सेकंड हँड ३०६० बघ, १२ जीबीचंच, मायनिंगमध्ये राबलेलं असू शकतं म्हणून विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास लोड देऊन बघ, पंखे घरघरतात का, मेमरी भरल्यावर स्क्रीनवर ठिपके येतात का. आणि आधी तुझा सगळ्यात जड सीन उघडून मेमरीचा आकडा बघ, तो ६च्या आत असेल तर ४०६० घे, सुखात राहशील.

सध्या नारायण पेठेतल्या एका वाड्याचा वरचा मजला चालू आहे. पावसाळ्याआधी पत्रे काढणारेत, भाचा शिडी धरायला येतो, कडीपाटाचे फोटो निम्मे झालेत. दिवाणखान्याच्या छतावर रंगकाम आहे, फिकट झालेलं, ते ८१९२च्या टेक्स्चरशिवाय येणार नाही, म्हणजे एकेक चित्र २५६ एमबीचं. छताचे चार भाग करून एकेक रेंडर करायचं असं ठरवलंय, मधली जोड कुठे दिसू द्यायची नाही यावर आमचं अजून एकमत व्हायचंय.